डोक्याचा मार आणि झोप

खेळताना डोक्यास मार बसला, की ‘त्याला झोपू देऊ नका’ असे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकतो. यात तथ्य किती? मार बसताच खेळ थांबवून प्रथम डॉक्टरांस दाखवावे. वारंवार ओकारी, वाढती डोकेदुखी, झटके किंवा हलवूनही जाग न येणे, ही धोक्याची चिन्हे होत. डॉक्टरांनी निर्वाळा दिल्यावर मात्र झोप हितकारकच होय; ती बिघडल्यास दुखणे बहुधा रेंगाळते. पहिले २४ ते ४८ तास आपण विसावा घ्यावा, मोबाइल दूर ठेवावा आणि पुढे पायरीपायरीने, डॉक्टरांच्या अनुमतीनेच मैदानावर परतावे. २०१९ साली लॉर्ड्सवर चेंडू लागूनही स्टीव्ह स्मिथ पुन्हा फलंदाजीस उतरला. परंतु दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागल्याने त्याला सामना सोडावा लागला. सामना पुन्हा खेळता येईल. म्हणून आपण मार कधीही लपवू नये.