उन्हाळ्यातील उमेदवारी : पांढुर्णा आणि सौंसर

शिक्षणशास्त्रात एम.ए. करणाऱ्या आणि पुढे शैक्षणिक धोरणाचे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत उमेदवारी कोठे करावी? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : दिल्ली. नीती आयोग विद्यार्थ्यांना किमान सहा आठवड्यांसाठी घेतो, पण वेतन देत नाही. खोली, खाणावळ, रेल्वेभाडे सारे घरून आणायचे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत हीच बाब आधी भरते. ज्याच्या घरी पैसा, त्यालाच अनुभव! २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये ठेवले होते खरे. परंतु पूर्णवेळ शिकणाऱ्यास तीत प्रवेश नव्हता.

मग धोरण जेथे अमलात येते त्या तालुक्यातच का जाऊ नये? माझ्या मते त्यासाठी पांढुर्णा व सौंसर हा प्रदेश फार उपयुक्त आहे. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा, नागपूर-छिंदवाडा मार्गावर सौंसर. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यातील हे दोन भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळा पांढुर्णा जिल्हा झाले. घरात मराठी, कचेरीत हिंदी अशी तेथील अनेक कुटुंबांची रीत आहे. मराठी व कन्नड विभाग एकाच अंकात वाचणाऱ्या आपल्याला ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

येथे धोरणाचा एक जिवंत प्रश्न उभा आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावयाची असते. त्याचे मोजमाप त्याहून जुने, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतील आहे : वर्गात त्या भाषेची १० मुले किंवा शाळेत ४० मुले असली तर शिक्षक द्यावा. म्हणजे सारा हक्क मोजणीवर आला. आणि मोजणी कोण करतो? आता प्रत्येक विद्यार्थ्याची मातृभाषा यू-डायसच्या माहितीत नोंदवली जाते. तो रकाना भरताना घरी मराठी बोलणाऱ्या मुलापुढे ‘हिंदी’ असे लिहिले गेले, तर कागदावर दहाची चार होतात आणि मागणीच उरत नाही. असे तेथे कितपत घडते, हे शोधणे हीच उन्हाळ्याची उमेदवारी!

अडचण अशी की उन्हाळ्यात शाळाच बंद असतात. मध्य प्रदेशात सत्र १ एप्रिलला सुरू होते आणि अलीकडे मे व जूनचा पहिला पंधरवडा मुलांना सुटी असते. वर्गनिरीक्षणाची हौस बाळगून जाणारा हात हलवीत परत येईल. या कामाला मात्र वर्ग लागतच नाही. एप्रिलमध्ये आठ दिवस काढून दाखलखारीज नोंदी पाहाव्यात, मे महिन्यात घरोघर जावे. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. संत्र्याच्या बागांच्या या मुलखात दुपारी कोणी दार उघडणार नाही. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ असे विचारू नये. पाहुण्यासमोर पुष्कळजण शाळेचीच भाषा सांगतात. आजी नातवाशी काय बोलते ते ऐकावे. शाळा प्रबंधन समितीतील पालकांनाही भेटावे. शिक्षणहक्क कायद्याने तीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया.

परवानगीसाठी विभागप्रमुखांचे पत्र जोडून जिल्हा शिक्षा केंद्राकडे अर्ज करावा आणि त्याची प्रत तालुक्याच्या जनपद शिक्षा केंद्राला द्यावी. अर्ज हिंदीत असावा. ‘मला अनुभव हवा’ एवढेच लिहिले तर अर्ज पडून राहतो. अमुक शाळांच्या नोंदी पाहून जूनअखेर तक्ता सादर करीन, असे लिहिले तर कार्यालयालाही त्यात काही मिळते. मुलांची नावे मात्र तक्त्यात घालू नयेत. राहण्याजेवणाच्या खर्चासाठी आपल्या विभागाकडे प्रवासनिधी मागण्यास संकोच करू नये. आणि अर्ज फेब्रुवारीतच धाडावा, कारण मार्चअखेर सरकारी कचेरी हिशेबात बुडालेली असते.