राजदूत पुन्हा रस्त्यावर आणायची तर: लेथवरच्या एकेका भागाचा हिशेब

जुनी मोटारसायकल बांधायला काढायची असेल, तर दिवाळीच्या आसपास काढू नका. भंडारा जिल्हा धानाचा. कापणी-मळणी सुरू झाली की इथला लेथ थ्रेशरच्या शाफ्टात, ट्रॅक्टरच्या पिनांत आणि राइस मिलच्या पुल्यांत अडकलेला असतो. तुमच्या राजदूतचं दोन इंचांचं बुश घेऊन तेव्हा कुणी तासभर बसत नाही. बसलाच तर घाईत बसतो, आणि घाईत कातलेल्या भागाचे पैसे दोनदा द्यावे लागतात. संक्रांत होऊ द्या, मग जा. तेव्हा मिस्त्री मोकळा असतो, चहा पाजतो आणि माप दोनदा तपासतो.

मी राजदूतबद्दल लिहितो आहे, कारण आपल्या भागात गोठ्यात, ओसरीत, धानाच्या कोठीमागे सर्वांत जास्त तीच उभी दिसते. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या परवान्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने ती साठच्या दशकात बनवायला घेतली. एका सिलिंडरचं १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा, कच्च्या रस्त्याला न घाबरणारी. दुधाचे कॅन, बियाण्याची पोती, लग्नाची वरात, तिने सगळं वाहिलं. बुलेट, आरएक्स-१०० किंवा येझदी असेल तर तुमचं काम सोपं आहे, त्यांचे नवे भाग बाजारात पुष्कळ मिळतात. राजदूतचा पिस्टन, कनेक्टिंग रॉडचा किट, बेअरिंगं, ऑइल सील हेही नागपुरात शोधलं तर मिळतं. अडतं ते बारीकसारीक भागांपाशी: बुश, पिना, स्पेसर, किकचा शाफ्ट, सायलेन्सरची नळी सिलिंडरला आवळणारी चाकी. ते भाग करवूनच घ्यावे लागतात.

पाना हाती घेण्याआधी कागद

आधी एक रुपयाही इंजिनावर घालू नका. आरसी बुक काढा आणि भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात जा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे जुन्या भंडारा जिल्ह्यातली गाडी आज कागदावर एमएच-३५ च्या हद्दीतल्या मालकाची असू शकते. आपला क्रमांक एमएच-३६. १९८९ च्या आधीच्या गाड्यांचे तर क्रमांकच वेगळ्या धर्तीचे. नोंद संगणकावर चढलेली नसेल तर ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी लागतं. ते हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि दुय्यम प्रतीचा अर्ज. कागदच नसलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ती रस्त्यावर येणार नाही.

वीस वर्षांवरच्या मोटारसायकलच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार २,००० रुपये आहे आणि नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. मुदत संपून गेली असेल तर महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क आहे. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला हाच आकडा जड जातो, म्हणून तो कार्यालयातून आधी काढून घ्या. त्यावर राज्याचा पर्यावरण कर येतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला १,३६६ रुपये, जीएसटी वेगळा.

गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मार्ग २०२१ पासून खुला आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. तिची चौकट आणि इंजिन मूळ रूपात असावं, हीही अट आहे. ज्याला राजदूतवर बसून तुमसरच्या बाजाराला जायचं आहे, त्याने साधी पुनर्नोंदणीच करावी. आमच्या घरची गाडी १९७९ ची, तिला पन्नाशी गाठायला २०२९ उजाडेल. तोवर आम्हाला हा प्रश्नच नाही.

एका नगाचा भाव असा का?

लोक लेथवाल्याशी धातूच्या वजनावर घासाघीस करतात. तिथेच चूक होते. एका बुशात धातू पन्नास-साठ रुपयांचा असतो. पैसे जातात ते जुळणीत: जॉब चकात धरायचा, मध्य काढायचा, हत्यार बसवायचं, जुना भाग मोजायचा, जोडीचं भोक मोजायचं. याला अर्धा तास, प्रत्यक्ष कातायला दहा मिनिटं. म्हणून एक बुश साडेतीनशेला पडतं आणि त्याच मापाची चार बुशं एकदम करवली तर दोनशेच्या आत एकेक येऊ शकतं. जुळणी एकदाच होते ना!

यावरून पहिला नियम: कधीही एकच नग करवू नका. एक गाडीला, एक डब्यात. आणि ओळखीचे दोघेतिघे राजदूतवाले असतील तर सगळ्यांची यादी एकत्र करा.

दुसरा नियम मापाचा. झिजलेलं बुश जसंच्या तसं मोजून नवं केलं, तर नव्या भागात जुनी झीजही उतरते. माप झिजलेल्या पोटातून घेऊ नका. कडेला, जिथे शाफ्ट घासलाच नाही तिथे घ्या. आणि नुसतं बुश नेऊ नका, त्यात फिरणारी पिन आणि ते ज्या भोकात बसतं तो भागही न्या. सूत-दोन सूत असं तोंडी सांगून हे काम होत नाही. इथे मिलिमीटरच्या शतांशात फरक पडतो. मिस्त्री मायक्रोमीटर लावतो की नुसत्या व्हर्निअरवर भागवतो, ते पाहा. पट्टीने मोजणारा दिसला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

आट्यांचं तर विशेष सांभाळा. राजदूतचे आटे मेट्रिक, पण तुमच्याकडे जुनी बीएसए किंवा नॉर्टन असेल तर तिचे आटे ब्रिटिश मापाचे. ते आट्यांच्या गेजने ओळखावे लागतात. जवळपासचा बोल्ट दाबून बसवला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे कायमचे जातात.

पितळेच्या गावात पितळ कुठे चालतं

भंडारा पितळी भांड्यांचं शहर. ओतकाम करणारे हात इथे पिढ्यान् पिढ्यांचे आहेत आणि स्टील-प्लास्टिकमुळे त्यांचं काम कमी झालं आहे. म्हणून मोह होतो, की बुशंही पितळेचीच करावीत. करू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भार घेऊन सतत घासणाऱ्या जागी ते लवकर झिजतं. पुढच्या फोर्कच्या आणि मागच्या स्विंग आर्मच्या बुशांना गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ हवं, त्यात कथील असतं. दोन्ही गजांचा रंग पहिल्या नजरेला सारखाच वाटतो, म्हणून गज बिलावर घ्या.

पितळेची खरी जागा वेगळी: टाकीवरची नावाची पट्टी, दिव्याच्या कड्या, कार्ब्युरेटरच्या वरचं झाकण. नावाची पट्टी मूळ नमुन्यावरून मातीच्या साच्यात ओतता येते. फक्त थंड होताना पितळ सुमारे दीड टक्का आकसतं. दहा सेंटिमीटरच्या पट्टीत तो दीड मिलिमीटर होतो आणि मागच्या खुंट्या टाकीच्या भोकांत बसत नाहीत. नमुन्यावर तेवढी भर आधी चढवून घ्या. ओतारी हे जाणतो, पण तुम्ही भोकांची टाकी दाखवलीच नाही तर त्याला कळणार कसं? अशी जोडी ओतून, घासून, पॉलिश करून १,२०० ते १,८०० रुपयांत व्हावी. क्रोम वेगळं.

माझी किकची गोष्ट

किकच्या शाफ्टावरचे दात गेले होते. मी तो साध्या माइल्ड स्टीलमध्ये करवून घेतला, सातशे रुपयांत. दिसायला सुरेख. अकराव्या दिवशी लाखनीच्या अलीकडे किक मारली आणि दातांसकट शाफ्ट पिळवटला. चूक माझी, मी धातू विचारलाच नव्हता. नंतर एका वयस्क टर्नरने समजावलं, “भाऊ, आकार देणं माझं काम जी, पण ताकद पाणी दिल्यानं येते.” मग ईएन-२४ चा तुकडा नागपूरहून आणला, दात मिलिंगवर पाडले, पाणी देऊन घेतलं. ३,८०० रुपये लागले. आपल्या वरठीला गाड्यांच्या भागांसाठीचं मिश्र पोलाद तयार होतं, पण आपल्याला लागतो तो फूटभर तुकडा किरकोळ व्यापाऱ्याकडेच मिळतो.

तेव्हा प्रत्येक भागाला हा प्रश्न विचारा: कुठला धातू, आणि पाणी द्यायचं की नाही? स्पेसर, ब्रेक पेडलची पिन, स्टँडची पिन यांना साधं पोलाद किंवा ईएन-८ पुरे. चाकाचा धुरा ईएन-८ च्या खाली नको. ज्याला दात आहेत, त्याला पाणी दिल्याशिवाय गाडीत बसवू नका.

काही भाग लेथवर करवूच नयेत. क्रँकपिन त्यातली पहिली. ती कठीण करून ग्राइंडिंगने मापात आणलेली असते. किट विकत घ्या, प्रेसवर बसवून घ्या आणि क्रँक दोन टोकांत धरून डायल गेजने सरळ केली का, ते उभं राहून पाहा. ब्रेकचा ड्रम झाळून, भरून घेऊ नका. फोर्कची मोडलेली भुजाही नाही. या जागी जुनी मूळ वस्तू शोधा, महिना गेला तरी चालेल.

सिलिंडरला स्लीव्ह घालताना आणखी एक दक्षता. पिस्टन ०.२५, ०.५० अशा वाढीव मापांत मिळतो तोवर बोअर वाढवत जाता येतं. त्यापुढे बिडाची नवी स्लीव्ह. टू-स्ट्रोकमध्ये स्लीव्हला खिडक्या असतात, त्या जुन्या खिडक्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एक मिलिमीटर वर-खाली झाली की गाडीचा स्वभावच बदलतो. कडा गोल केल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. आणि क्रँकचे सील नवे घाला. जुन्या सीलमधून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून धरतो आणि सगळा खर्च पुन्हा.

एकूण किती?

हे आकडे माझ्या अनुभवाचे आणि दुकानांत विचारून धरलेले अंदाज आहेत. गाडीच्या अवस्थेप्रमाणे ते हलतील. इंजिन (स्लीव्ह किंवा बोअर, पिस्टन, कनेक्टिंग रॉडचा किट, बेअरिंगं, सील, कार्ब्युरेटर, मॅग्नेटोची वायंडिंग) १०,५०० ते १५,०००. लेथ-मिलिंगचे सगळे भाग ८,००० ते १२,०००. क्रोम नागपूरला, ८,००० ते १२,०००. यात काटकसर नको, कारण खाली निकेलचा थर नीट नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात गंज फुटतो. डेंटिंग-पेंटिंग तेवढंच. रिम, आरे, टायर ८,००० ते १०,०००. वायरिंग, सीट, रबर, केबल ५,००० ते ७,०००. मेकॅनिकची मजुरी १०,००० ते १५,०००. नागपूरच्या फेऱ्या, साठ किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, दोन-तीन हजार. बेरीज ५९,५०० ते ८६,०००. त्यावर वीस टक्के राखीव ठेवा, म्हणजे सुमारे लाखापर्यंतची तयारी हवी. गाडीची किंमत आणि कागदांचा खर्च यात नाही.

पेट्रोलची नळी, कॉकमधलं रबर आणि कार्ब्युरेटरचे वॉशर इथे पैसे वाचवू नका. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरून गंज चढतो. इथेनॉल सोसणारी नळी घ्या, आणि महिनाभर गाडी चालवायची नसेल तर टाकी रिकामी करा.

व्यवहार करताना उचल धातूपुरतीच द्या, बाकी भाग गाडीवर बसवून पाहिल्यावर. भाग बसला नाही तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे आधी बोलून घ्या आणि बिलावर धातूचं नाव लिहून मागा. चांगला कारागीर याला रागावत नाही.

आणि एक विनंती. नवा भाग बसला की जुना झिजलेला, मोडलेला भाग भंगारवाल्याला देऊ नका. त्याला तेल लावा, चिठ्ठीवर नाव आणि माप लिहा, डब्यात ठेवा. राजदूतचे नकाशे आपल्यापैकी कुणाकडे नाहीत. साकोलीत, पवनीत, मोहाडीत उद्या कुणी हीच गाडी बांधायला काढली, तर तो मोडका तुकडाच त्याचा नकाशा असेल. त्याला तो दाखवा.