बजरीगर पक्ष्यांस कुरतडण्यासाठीं झाडपाला : कोणता द्यावा व कोणता टाळावा

हल्लीं खेड्यापाड्यांतही पुष्कळ घरीं ओसरीवर तारेचा पिंजरा टांगलेला दिसतो, व त्यांत हिरव्या, निळ्या अगर पिवळ्या रंगाच्या लहान पोपटांची जोडी असते. बाजारांत यांस 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. परंतु खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतील असून हे पक्षी त्यांहून निराळे आहेत. यांचें नांव बजरीगर, व यांची जन्मभूमि ऑस्ट्रेलिया. इ. स. १८४० मध्यें जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें ते जिवंत इंग्लंडांत आणले. पिंजऱ्यांत त्यांची वीण सहज होते, म्हणून पुढें ते जगभर पसरले. आपल्या रानांतील पोपट पकडून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. त्यामुळें मुलांच्या हट्टाखातर घरीं येतो तो बहुधा हा परदेशी पाहुणाच होय.

शेतकऱ्याच्या बांधावर फांद्यांची वाण नाहीं. शहरांतील माणसास जी फांदी शोधावी लागते, ती आपणांस हात लांब केल्यास मिळते. परंतु त्याच बांधावर जीव घेणाऱ्या वनस्पतीही उभ्या असतात, आणि निवड बहुतेक घरीं लहान मुलेंच करतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम, फांदी हवी तरी कशाला? या पक्ष्याची चोंच जन्मभर वाढत राहते. कुरतडण्यानें ती झिजते व बेतांत राहते. त्याच्या पायास दोन बोटें पुढें व दोन मागें असतात. दुकानांतील गुळगुळीत व एकसारख्या जाडीच्या दांडीवर तो रात्रंदिवस बसला, म्हणजे तळव्याच्या त्याच त्या जागीं भार पडून तेथें फोड व जखमा होतात. खऱ्या फांदीची जाडी जागोजाग बदलते, त्यामुळें पायास व्यायाम घडतो. शिवाय कांहीं उद्योग नसलेला पक्षी स्वतःचीं पिसें उपटूं लागतो, किंवा पिंजऱ्याची तारच चघळतो. त्या तारेवरील जस्त व जुन्या रंगांतील शिसें हीं दोन्ही त्यास विषारी आहेत. तात्पर्य, फांदी ही चैन नसून गरज आहे.

आतां निवडीकडे वळूं. आपल्या लोकांची कसोटी ठरलेली आहे : शेळी जें खाते तें निर्धोक. ही कसोटी येथें मुळींच लागू पडत नाहीं. बजरीगराचें वजन ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें सुमारें तीन तोळे. तीस किलोच्या शेळीचें वजन त्याच्या जवळजवळ हजारपट झालें. शेळीस जें विष जाणवतही नाहीं, तेवढ्यानें हा पक्षी दगावूं शकतो. दुसरें असें कीं, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांतील सूक्ष्म जंतू कांहीं विषें मोडून टाकतात. सुबाभळीचेंच उदाहरण घ्या. तिच्या पाल्यांत मिमोसिन नांवाचें द्रव्य असतें. शेळ्या तो पाला आवडीनें खातात. पण घोडा, डुक्कर व कोंबडी यांस तो बाधतो. पक्ष्याच्या बाबतींत शेळीची साक्ष घेऊं नये, हें यावरून स्पष्ट होईल.

पुढील वनस्पती पिंजऱ्याजवळही नेऊं नयेत : कण्हेर, पिवळी कण्हेर अर्थात् बिट्टी, रुई, धोत्रा, एरंड, मोगली एरंड, गुंज, शेर व निवडुंगाच्या जाती, घाणेरी, चाफा, बिब्बा आणि गाजरगवत. कुंपणाला बहुधा हींच झाडें असतात, हें विसरूं नये. नव्यानें लागवड होऊं लागलेल्या अॅव्होकाडोचें फळ व पान या पक्ष्यांस मारक असल्याचें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरें मरतात, हें आपणांस ठाऊकच आहे. तेथें जें सायनाइडचें विष असतें, तेंच पीच, अलुबुखार व जर्दाळू यांच्या पानांत व बियांत उत्पन्न होतें. म्हणून ज्वारीचा कोवळा पोंगाही पिंजऱ्यांत घालूं नये. ज्या झाडाची फांदी मोडतांच दुधासारखा चीक येतो, तें झाड ओळखीचें नसल्यास वर्ज्यच समजावें.

येथवर झाडाच्या अंगच्या विषाचा विचार झाला. परंतु आमच्या मतें खरा धोका आपण स्वतः झाडावर घालतों त्या विषाचा आहे. द्राक्षाची वेल मूळची निरुपद्रवी. पण छाटणीच्या वेळीं बागेंत काड्यांचे ढीग पडलेले पाहून त्यांतील एखादी पिंजऱ्यांत लावणें मोठ्या जोखमीचें आहे. हंगामभर त्या वेलीवर फवारण्या झालेल्या असतात, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावे म्हणून काडीस हायड्रोजन सायनामाइड लावतात. डाळिंब, कापूस व भाजीपाला यांचीही गोष्ट तीच. कित्येक कीटकनाशकें आंतरप्रवाही असतात. तीं पानांच्या व फांदीच्या आंत भिनतात, आणि कितीही धुतलें तरी जात नाहींत. १९९५-९६ च्या सुमारास अर्जेंटिनांत नाकतोड्यांवर फवारलेल्या मोनोक्रोटोफॉसमुळें, ते नाकतोडे खाऊन हजारों शिकारी पक्षी मेले. ते पक्षी बजरीगराहून कित्येक पट मोठे होते, हें ध्यानांत घ्यावें. पेरणीच्या पिशवींतील उरलेली बाजरीही या पक्ष्यांस केव्हांही देऊं नये. त्या बियाण्यास औषध चोळलेलें असतें, आणि तें ओळखूं यावें म्हणूनच त्यास रंग दिलेला असतो.

मग द्यावें तरी काय? यादी आखूड नाहीं. परसांतील पेरूची फांदी सर्वांत सोयीची. ती चिवट असून तिची साल पक्षी आवडीनें सोलतात. शेवग्याची डहाळी पाल्यासकट द्यावी. बोरीची फांदी कांटे काढून, जास्वंदीची फुलांसह व बांबूची पानांसह द्यावी. निलगिरी व सुरू हीं तर यांच्या मायदेशचींच झाडें. ऑस्ट्रेलियांत हे पक्षी निलगिरीच्या ढोलींत घरटें करतात व ओल्या पानांत अंग घुसळून स्नान करतात. पाणी शिंपडलेली निलगिरीची डहाळी टांगून पाहावी, म्हणजे मुलांस ही मौज घरींच दिसेल. कडुनिंबाची फांदी बसण्यासाठीं पुष्कळ पक्षीपालक लावतात. तिच्या लिंबोळ्या मात्र काढून टाकाव्या. खाण्यासाठीं कोथिंबीर, मेथी, आणि राळ्याचें किंवा बाजरीचें दुधांत आलेलें कणीस द्यावें. अट एकच : त्यावर फवारा पडलेला नसावा.

फांदी तयार करण्याची रीत अशी. फवारणीच्या शेतापासून व रहदारीच्या रस्त्यापासून दूर असलेलें झाड निवडावें. वाऱ्यानें शेजारच्या शेतांतील फवारा येतो, म्हणून शेजाऱ्यासही विचारून घ्यावें. साधारण एक ते दोन सेंटिमीटर जाडीची, बुरशी व कीड नसलेली हिरवी फांदी कापावी. पक्ष्यांची विष्ठा पडलेली फांदी टाळावी. रानपक्ष्यांचे रोग तिच्यावाटे येतात. स्वच्छ पाण्यानें व ब्रशानें घासून ती दोन-तीन दिवस कडक उन्हांत वाळवावी. पाला ताजाच द्यावा, व संध्याकाळीं उरलेला काढून टाकावा. नवी जात एका वेळीं एकच द्यावी, म्हणजे कांहीं बिघडल्यास कारण कळतें.

पक्षी पिसें फुगवून पिंजऱ्याच्या तळाशीं बसला, श्वासागणिक शेपूट हालूं लागली, उलटी झाली किंवा विष्ठा पातळ झाली, तर वाट पाहूं नये. लहान पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. लक्षणें दिसलीं म्हणजे वेळ थोडाच उरला असें समजावें. पिंजऱ्यांतील फांदी काढून ती सोबत घ्यावी, व पक्षी ऊब देऊन पशुवैद्याकडे न्यावा.

शेवटीं एक सुचवितों. बांधाच्या एका कोपऱ्यांत पेरू, शेवगा व जास्वंद यांचें एकेक झाड केवळ बिनफवारणीचें म्हणून राखून ठेवावें, आणि तें कोणतें हें घरांतील मुलांस दाखवून द्यावें. ज्या झाडाचें पान तीन तोळ्यांच्या पक्ष्यास निर्धास्तपणें देतां येतें, त्याची शेंग व त्याचें फळ आपल्या मुलांच्या हातींही निर्धास्तपणें देतां येईल.