आजचं चिंतन : पाय धुणं हेही तप (गीता १७.१४)



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४

भावार्थ

शरीराने करायचं तप कोणतं, हे भगवंत इथे सांगतात. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी माणसं यांचं पूजन, शौच म्हणजे स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. यादी एवढीच आहे.

तप म्हटलं की आपल्याला एका पायावर उभा राहिलेला ऋषी आठवतो, नाहीतर कडक उपास. इथे तसलं काही नाही. उलट याच अध्यायात, श्लोक ५ आणि ६ मध्ये, भगवंत बजावतात की शास्त्राला सोडून, दिखाव्यापोटी जे देहाला छळतात, ते त्या देहात राहणाऱ्या मलाही छळतात. ही ओळ मी अनेकदा वाचली होती. ती नीट कळली ती आईच्या पायामुळे.

आईचा पाय

आमचं गाव सौंदड, गोंदिया जिल्ह्यातलं. मुंबई-कोलकाता हायवेवरचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, आई गावी. तिच्या उजव्या पायाला बरीच वर्षं हत्तीपाय आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या आमच्या पट्ट्यात हा आजार जुना आहे, त्यामुळे गावात कुणाला नाव सांगावं लागत नाही.

पाय जड होतो, चप्पल मापाची मिळत नाही, मांडी घालून बसता येत नाही. पण सर्वांत वाईट म्हणजे अधूनमधून येणारा झटका : थंडी वाजून ताप, पाय लालबुंद, हात लावू देत नाही. रोवणीच्या दिवसांत झटका आला की आठवडा गेला. मग तिने भजनाला जाणंही बंद केलं. "सगळे पायाकडंच पायतेत," म्हणाली.

मध्यंतरी कुणीतरी तिला सुचवलं : महाशिवरात्रीला प्रतापगडला अनवाणी चालत जा, पाय उतरेल. आईने मनात नवस बोलूनही टाकला. त्याच सुमारास आम्ही रोज रात्री फोनवर सतरावा अध्याय वाचत होतो. पाचवा-सहावा श्लोक झाला आणि ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "अनवाणी गेली नाही तं देव नाराज नाही होनार?"

मी उत्तर दिलं नाही. पुढे वाचत गेलो, आजच्या श्लोकापर्यंत.

शौच म्हणजे नेमकं काय?

हा आजार डासामुळे पसरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत राहतात. या वाहिन्या म्हणजे शरीरातली पाण्याचा निचरा करणारी व्यवस्था. ती बिघडली की पाणी साचतं, पाय सुजतो. अशा पायाच्या कातडीला बारीकशी भेग पडली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, की तिथून जंतू आत शिरतात आणि झटका येतो. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते, कातडी आणखी जाड होते. अनवाणी चालून पायाला नवी भेग पडली तर जंतूंना आणखी एक दार उघडतं.

म्हणून आरोग्य केंद्रातून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं साहित्य देतात आणि पाय कसा धुवायचा ते शिकवतात. साधं स्वच्छ पाणी, गरम नाही. साबणाचा फेस हलक्या हाताने, घासायचं नाही. नंतर बोटांच्या मधली जागा टिपून पूर्ण कोरडी करायची. भेग दिसली तर मलम. बसताना पाय वर, घोटा फिरवायचा व्यायाम, आणि पाय झाकणारी सैल चप्पल. झटका आला तर चोळायचं नाही, व्यायाम नाही. आराम करायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

यात चमत्कार नाही. जुना वाढलेला पाय धुतल्याने पहिल्यासारखा होत नाही. पण झटके कमी होतात, वाढ थांबू शकते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बग फिक्स नाही, रोजचा मेंटेनन्स आहे. आज केलं म्हणून उद्या सुट्टी नाही. फळ लगेच दिसत नसताना रोज तेच करत राहणं, याला तप नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

झोपताना पाय उंच राहावा म्हणून आईच्या खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा लावल्यात. (हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) त्या विटा पाहिल्या की मला पुंडलिक आठवतो. आई-वडिलांची सेवा चालू होती म्हणून त्याने प्रत्यक्ष देवालाही विटेवर थांबवलं, आणि देव थांबला.

"मागच्या जन्मीचं" आहे का?

आईला हे वाक्य फार ऐकावं लागलं. पण आपल्याच परंपरेत बघा. सुश्रुतसंहितेत या आजाराला श्लीपद म्हटलंय, आणि जिथे जुनं पाणी फार साचतं, जी ठिकाणं बारमाही थंड असतात, तिथे तो होतो असं सांगितलंय. म्हणजे बोट पाण्याकडे आणि जागेकडे आहे. पुढे १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये हे कृमी डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. साचलेल्या घाण पाण्यातला क्युलेक्स डास हा दुवा आहे. गटार तुंबलेलं आपल्या गल्लीत आणि पाप आईच्या खात्यावर, हा कुठला हिशोब?

आजचा अभ्यास

१. घरात कुणाचा पाय सुजलेला असेल, मधुमेहाने बधिर असेल, टाचा फुटलेल्या असतील, तर आज स्वतः बसून तो पाय बघा. पादुकांवर डोकं ठेवणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

२. गावी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आरोग्यसेवक आले तर घरच्यांना त्यांच्यासमोरच घ्यायला सांगा. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी सोडून ही औषधं सगळ्यांसाठी असतात. "मला काही झालं नाही" हे कारण चालत नाही. लक्षण नसतानाही कृमी रक्तात असू शकतात आणि डास ते शेजारच्या घरात नेतो. ती गोळी गिळणं ही श्लोकातली अहिंसाच.

३. स्वतःच्या देहाला कमी लेखून कोणतंही व्रत करू नका.

आईचं काय झालं? महाशिवरात्रीला ती प्रतापगडला गेली, एसटीने, चप्पल घालून. पाय आहे तेवढाच आहे. गेल्या वर्षात मात्र एकच झटका आला, आणि सोमवारचं भजन पुन्हा सुरू झालंय. ती खुर्चीवर बसते. रोज संध्याकाळी टब घेते, पाय धुते, पुसते, मग देवापुढे दिवा लावते. परवा मी म्हटलं, एखाद दिवस राहू दे, थकली असशील. म्हणाली, "दिवा लावाचा राहू देऊ का?"

प्रार्थना : हे पांडुरंगा, ज्या देहात तू राहतोस त्याची किळस आम्हाला कधी येऊ नये. आमच्याही नाही, दुसऱ्याच्याही नाही.

उद्या श्लोक १५ : वाणीचं तप. "पायाकडंच पायतेत" हे आईचं वाक्य सोबत ठेवून वाचूया.

राम कृष्ण हरी.