तीन कॉर्ड, सात सूर : नवशिक्याच्या गिटारवरील प्रेमगीत

वसतिगृहाच्या कोणत्याही मजल्यावरून फेरी मारावी. एखाद्या खोलीत खुंटीला टांगलेली गिटार हमखास दिसते. जूनमध्ये मोठ्या हौसेने आणलेली, दिवाळीनंतर धूळ खात पडलेली. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले : "सर, बोटे दुखतात." पण बोटे दुखणे हे खरे कारण नव्हे. रोज थोडा थोडा सराव केला तर दोन-तीन आठवड्यांत बोटांच्या टोकांची कातडी निबर होते आणि दुखणे थांबते. खरे कारण असे की, आवडते प्रेमगीत ध्वनिमुद्रणात आहे तसेच्या तसे वाजवण्याचा हट्ट आपण पहिल्याच महिन्यात धरतो. 'यादों की बारात' (1973) या चित्रपटातील आशा भोसले व महंमद रफी यांचे गिटारने सुरू होणारे प्रेमगीत घ्या. ती गिटार भूपिंदर सिंग यांच्यासारख्या कसबी वादकाची, आणि तिच्यामागे राहुलदेव बर्मन यांचा सबंध वाद्यवृंद. त्याची बरोबरी चार आठवड्यांत करू पाहणारा निराश होणार नाही तर काय होईल?

तेव्हा गाणे सोपे करून घेतले पाहिजे. मात्र सोपे करणे म्हणजे मोडतोड करणे नव्हे. काय टाकायचे आणि काय काही झाले तरी टाकायचे नाही, हे ठरवणे म्हणजे सोपे करणे. सुरुवातीचे संगीत टाकावे, मधले तुकडे टाकावेत, बोटांची चपळाई टाकावी. तीन गोष्टी मात्र जपाव्यात : गाण्याचे शब्द, तालाची सम आणि षड्जाकडे परतणे. या दृष्टीने प्रेमगीत नवशिक्याला सोयीचे असते. त्याची लय बहुधा संथ असते, आणि ओळीच्या शेवटी गायक थांबतो तेवढ्या अवकाशात बोटांना जागा बदलता येते.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळू. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा जुळवतात. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड ती सहावी. ही इंग्रजी अक्षरे पाहून बिचकण्याचे कारण नाही. कुमार गंधर्व (जन्म 1924) ज्या सुळेभावीचे, ते गाव बेळगावपासून दूर नाही. भजनाने आणि पेटीने तयार झालेला कान आपल्यापैकी अनेकांकडे आहे. म्हणून कॉर्डचा विचार आपण सरगमीतूनच करू.

जी हा षड्ज माना. मग जी कॉर्ड म्हणजे सा-ग-प, सी कॉर्ड म्हणजे म-ध-सा आणि डी कॉर्ड म्हणजे प-नि-रे. हे तिन्ही एका ओळीत लिहून पाहा. सा, रे, ग, म, प, ध, नि हे सातही शुद्ध स्वर त्यांत आले! बिलावल थाटातील चालीचा प्रत्येक स्वर या तिहींपैकी एकात तरी सापडतोच. तीन कॉर्डांवर इतकी गाणी कशी उभी राहतात, याचे उत्तर एवढेच आहे. यांना चौथी सोबत ई मायनरची, म्हणजे ध-सा-ग. गाण्यात हुरहूर आली की ही कॉर्ड कामी येते.

बोटांची सोपी मांडणी अशी. ई मायनरसाठी पहिल्या तीन बारीक तारा मोकळ्याच छेडाव्यात. बोट लावायचेच नाही. सीसाठी दुसऱ्या तारेवर पहिला पडदा दाबून याच तीन तारा छेडाव्यात. जीसाठी पहिल्या तारेवर तिसरा पडदा दाबून चार बारीक तारा छेडाव्यात. डीला मात्र तीन बोटे लागतात : पहिल्या आणि तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा, दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा, छेडायच्या त्याच चार तारा. पूर्ण सहा तारांच्या कॉर्ड पुढे यथावकाश शिकता येतील.

कोणत्या जागी कोणती कॉर्ड घ्यावी? गाणे गुणगुणा आणि समेवर चाल कोणत्या स्वरावर टेकते ते पाहा. तो स्वर जिच्यात आहे ती कॉर्ड घ्या. उदाहरणादाखल चार मात्रांचे चार खंड घेऊ : ग ग प ग । ध म ध म । रे नि रे प । सा – – –. यांना अनुक्रमे जी, सी, डी, जी. षड्ज मात्र जी, सी आणि ई मायनर या तिन्हींत आहे. तिथे तिन्ही वाजवून पाहावे आणि कानाचा कौल घ्यावा. मुखड्याच्या शेवटी डीवरून जीवर यावे. घरी परतल्याची जाणीव त्याच जागी होते.

तालाच्या बाबतीत घाई नको. पुष्कळशी चित्रपटगीते आणि भावगीते सहा मात्रांच्या दादऱ्यात किंवा आठ मात्रांच्या केरव्यात असतात. पहिल्या आठवड्यात दर आवर्तनाला एकच आघात, तोही समेवर; बाकीच्या मात्रा तोंडाने मोजाव्यात. दुसऱ्या आठवड्यात दोन आघात : दादऱ्यात पहिल्या व चौथ्या मात्रेवर, केरव्यात पहिल्या व पाचव्या मात्रेवर. मधल्या मात्रा त्यानंतर हलक्या हाताने भराव्यात. कॉर्ड चुकली तर हात थांबवू नये. चुकलेला सूर श्रोता विसरतो, तुटलेला ताल विसरत नाही.

पट्टीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. विद्यार्थिदशेत एका स्नेहसंमेलनात मी वर्गभगिनीच्या गाण्याला साथ केली. तिची पट्टी काळी पाच. मला बोटांना सोयीची म्हणून मी पांढरी पाच धरली आणि "चालेल गं, फारसा फरक नाही" असे म्हणालो. मुखड्यातला मंद्र सप्तकातला स्वर तिच्या गळ्यातून उमटेना. सभागृह हसले. ती त्यानंतर रंगमंचावर गायली नाही. तिसऱ्या पडद्यावर एक कॅपो लावला असता तर माझी बोटे तीच राहिली असती आणि पट्टी तिची झाली असती. कॅपो म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चाप. तो एक पडदा पुढे सरकवला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. ज्याची पट्टी काळी एक आहे त्याच्यासाठी ए, डी, ई या कॉर्ड घेऊन कॅपो चौथ्या पडद्यावर लावावा. आधी गायकाला विचारावे, मग गिटार हाती घ्यावी.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. यमनच्या अंगाने जाणाऱ्या भावगीताला सी कॉर्ड लावली, तर तिच्यातला शुद्ध मध्यम चालीतल्या तीव्र मध्यमाशी भांडतो. तिथे सीऐवजी ए कॉर्ड घ्यावी. तिच्यात रे, तीव्र म आणि ध आहेत. मींड मात्र पडदे असलेल्या गिटारवर अशा साथीत निघायची नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतासाठी गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादी दांडीने वाजवली, ती या मींडेसाठीच. नवशिक्याने मींडेच्या जागी हात आवरावा आणि गळ्याला वाट द्यावी.

आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. के. एस. नरसिंहस्वामींच्या 'मैसूर मल्लिगे' (1942) या संग्रहातील दांपत्यप्रेमाच्या कविता कन्नड मित्र गातात; आपल्याकडे पाडगावकरांची गीते आहेत. एका खोलीत एक गिटार असली तर दोघांचीही सोय होते. कॉर्ड त्याच, शब्दांची फोड आणि ओळीचा विसावा मात्र कन्नड मित्राकडूनच समजून घ्यावा लागेल.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आज संध्याकाळी खुंटीवरची गिटार काढा, धूळ पुसा आणि तारा जुळवा. मोबाईलवर त्याची सोय आहेच. एकच गाणे निवडा आणि ते तीन कॉर्डांत, समेवर एकेक आघात करत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुरे करा. अर्धवट सोडलेल्या दहा गाण्यांपेक्षा पुरे झालेले एक गाणे पुष्कळ काही शिकवून जाते. आणि शेजारी कोणी गाणारे बसले असेल, तर आधी त्याची पट्टी विचारा.