वेब सर्व्हरचा पहारेकरी

संकेतस्थळावरील एखादे राखीव पान उघडू लागलो की आपल्याला नाव व परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विचारला जातो. काही ठिकाणी हे काम वेब सर्व्हर या आज्ञावलीचा एक भाग करतो. सोयीसाठी आपण त्याला पहारेकरी म्हणू. त्याची कामे चार. ओळख न देता कोणी पान मागितले, तर ४०१ या क्रमांकाचे उत्तर पाठवून ओळख मागणे. आलेल्या मजकुरातून नाव व परवलीचा शब्द वेगळे काढणे. ते नोंदींशी ताडून पाहणे. आणि शेवटी प्रवेश देणे किंवा नाकारणे.

नोंदी मात्र सर्वत्र एकाच प्रकारे ठेवलेल्या नसतात. कोठे त्या साध्या फाइलीत असतात, तर कोठे डेटाबेसमध्ये. ‘अपाची’ हा १९९५ पासूनचा प्रसिद्ध वेब सर्व्हर. त्याच्या २.० या आवृत्तीपर्यंत नोंदींच्या प्रत्येक प्रकारासाठी निराळा पहारेकरी असे व तो चारही कामे पाही. वास्तविक फरक होता तो फक्त तिसऱ्या कामात! बाकीच्या कामांच्या आज्ञावलीचा काही भाग पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. अशा वेळी एका जागी दोष सापडला, की तो प्रत्येक जागी शोधून दुरुस्त करावा लागतो. एखादी जागा नजरेतून सुटली, तर तेवढे दार उघडे राहते.

डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत ही रचना बदलली. ओळख मागण्याची प्रत्येक पद्धत एकेका मॉड्यूलमध्ये गेली आणि नोंदी ताडून पाहणारे छोटे भाग वेगळे झाले. या भागांना ‘प्रोव्हायडर’ म्हणतात. आपण त्यांना कारकून म्हणू. यातील लाभ गणिताने समजतो. समजा, ओळख मागण्याच्या ४ पद्धती आहेत व नोंदींचे ६ प्रकार आहेत. प्रत्येक जोडीसाठी वेगळी आज्ञावली लिहिल्यास ४ × ६ = २४ भाग लागतील. कामे विभागली, तर ४ + ६ = १० पुरतील.

परंतु अनेकांना एकत्र आणताना एक मोठी काळजी घ्यावी लागते. कारकुनाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असून भागत नाही. अपाचीत त्याची मुख्य उत्तरे चार आहेत : ‘परवलीचा शब्द बरोबर’, ‘परवलीचा शब्द चूक’, ‘हे नाव माझ्याकडे नाही’ आणि ‘तपासताच आले नाही’. पहारेकरी कारकुनांना ठरलेल्या क्रमाने विचारतो आणि ‘हे नाव माझ्याकडे नाही’ या एकाच उत्तरावर पुढच्याकडे जातो. इतर कोणत्याही उत्तरावर तो तेथेच थांबतो.

असे का? समजा, एका शाळेच्या नव्या यादीत शिक्षकांचे बदललेले परवलीचे शब्द आहेत, आणि जुनी यादीही दुसऱ्या कारकुनाकडे तशीच राहिली आहे. एखाद्याने चोरलेला जुना शब्द दिला. पहिला कारकून म्हणाला, ‘चूक’. तरीही पहारेकरी पुढे गेला, तर दुसरा कारकून म्हणेल, ‘बरोबर’. आणि चोर आत! यादीच वाचता आली नाही, तरी हाच धोका आहे. म्हणून तेथेही थांबावयाचे, दार बंद ठेवावयाचे.

बाहेरच्या माणसाला मात्र ‘चूक’ आणि ‘नाव नाही’ या दोन्ही प्रसंगी ४०१ हेच उत्तर मिळते. कोणती नावे यादीत आहेत, हे त्याला त्यावरून कळू नये.

एकाच मॉड्यूलवर सारी भिस्त ठेवली, की त्यातील चूक सर्वांनाच भोवते, हे खरे. पण तपासावयाची जागाही एकच उरते, आणि तेथे केलेली दुरुस्ती सर्वांना लाभते.

करून पाहा : वर्गातील एक विद्यार्थी पहारेकरी व तिघे कारकून व्हा. प्रत्येक कारकुनाने चार नावांची यादी घ्यावी. एक नाव दोन याद्यांत निरनिराळ्या परवलीच्या शब्दांसह ठेवावे. कारकुनांचा क्रम बदलल्यास कोणाचा प्रवेश बदलतो व का, याची नोंद करा.