टोकियोत तलवार शिकायची तर खर्च किती?

टोकियोतल्या निशिकासाई-कासाईच्या मराठी मंडळींत हा विषय दर वर्षी कुणीतरी काढतंच. जपानला नोकरीनिमित्त आलोय, दोन-चार वर्षं आहोत, तर तलवारीचं काहीतरी शिकून घ्यावं. फी किती पडते? प्रश्न रास्त आहे. पण या विद्येत फी हा सगळ्यांत छोटा आकडा असतो. सामान, प्रवास आणि तुमचे शनिवार-रविवार यांचा हिशेब आधी मांडला, तर पुढे पस्तावायची वेळ येत नाही. खालचे आकडे ढोबळ आहेत, दोजोगणिक, म्हणजे तालमीगणिक, बदलतात. रुपयांत मोजताना एक येन साधारण ५५ ते ६० पैशांना धरा.

आधी नेमकं काय शिकायचंय ते ठरवा. केंदोत हातात शिनाई म्हणजे बांबूची तलवार, अंगावर चिलखत आणि समोर तसाच नटलेला माणूस असतो. घाम निघतो, आरडाओरडा होतो, मार बसतो. इआइदोत समोर कुणी नसतं. म्यानातून तलवार उपसायची, वार करायचा, पातं झटकायचं, परत म्यानात घालायचं, हेच वर्षानुवर्षं. तिसरा प्रकार कोर्यू, म्हणजे १८६८ च्या मेइजी सत्तांतरापूर्वी स्थापन झालेले जुने पंथ. पहिल्या दोन्हींचा कारभार मुख्यतः १९५२ साली स्थापन झालेला अखिल जपान केंदो महासंघ पाहतो. त्यामुळे परीक्षा आणि दर्जे देशभर सारखे आहेत, नोकरीत बदली झाली तरी पुढचा दोजो शोधणं सोपं जातं. कोर्यूचं तसं नाही.

कोर्यू समजायला मराठी वाचकाला आपल्या संगीतातल्या घराण्याची आठवण पुरेशी आहे. गुरू कोण, गुरूचा गुरू कोण, हे तिथे आधी विचारलं जातं. गंडा बांधल्याशिवाय खरी तालीम सुरू होत नाही आणि दोन घराण्यांत एकाच वेळी पाय ठेवलेला चालत नाही. चिबा प्रांतातला तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू हा पंधराव्या शतकातला पंथ. इइझासा चोइसाई इएनाओ हे त्याचे संस्थापक, आणि १९६० साली चिबा प्रांताने त्याला अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. तिथे शिष्य होताना रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेण्याची रीत आहे. नागोयात याग्यू शिंकागे-र्यू, कागोशिमात जिगेन-र्यू, गुन्मात मानिवा नेन-र्यू अशी ही घराणी आपापल्या गावाला धरून आहेत. टोकियोत त्यांतल्या काहींच्या शाखा भेटतात, सगळ्यांच्या नाही.

चौथा एक प्रकार आहे, त्याला विद्या म्हणू नये. पर्यटकांसाठीचा ‘सामुराई अनुभव’. तासा-दोन तासांचे आठ ते पंधरा हजार येन, किमोनो घालून फोटो, जमलं तर गवताच्या गुंडाळीवर एक वार. भारतातून आई-बाबा आले असतील तर जरूर न्या, मजा येते. पण तेवढ्या पैशांत वॉर्डाच्या केंदो क्लबात चार-पाच महिने निघतात, हे लक्षात असू द्या.

दोजो शोधायचा कसा? इंटरनेटवर इंग्रजीत शोधलंत की हेच पर्यटकी वर्ग आधी वर येतात. खरे क्लब बहुतेक जपानीतच सापडतात आणि ते घराजवळ असतात. प्रत्येक वॉर्डाची केंदो संघटना असते, वॉर्डाची क्रीडा केंद्रं असतात, आणि तिथल्या खिडकीवर कोणत्या दिवशी कोणता क्लब सराव करतो याची माहिती मिळते. एदोगावा वॉर्डाचं क्रीडा केंद्र तर निशिकासाईतच आहे. वॉर्डाची बातमीपत्रिका पोस्टपेटीत येते ना, ती न वाचता कचऱ्यात टाकू नका. नवशिक्यांच्या वर्गांच्या सूचना त्यातच असतात. जपानी वाचता येत नसेल तर ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला गाठा. दर दहा-वीस जपान्यांत एकाने तरी शाळेत केंदो केलेलं असतं, असा आपला माझा अंदाज.

कोर्यूसाठी मात्र आधी डोळ्यांनी पाहा. जपानी कोबुदो (जुन्या युद्धकला) संघाचं प्रात्यक्षिक दर फेब्रुवारीच्या सुमारास निप्पोन बुदोकानमध्ये होतं. निशिकासाईहून तोझाई लाइनने गाडी न बदलता कुदानशिताला उतरलं की जवळच. ३ नोव्हेंबरला मेइजी जिंगू देवळाच्या आवारात होणारं प्रात्यक्षिक तर उघड्यावर, फुकट. एका दिवसात कितीतरी पंथ ओळीने पाहायला मिळतात आणि कुठली चाल आपल्याला ओढते ते कळतं. यूट्यूबवरून हे कळत नाही. अंतर, श्वास, पावलांचा आवाज कॅमेऱ्यात येत नाही.

मग केंगाकु, म्हणजे नुसतं बसून पाहायला जाणं. याचे पैसे पडत नाहीत, पण आधी मेल किंवा फोन करून परवानगी घ्यावी लागते. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, मोजे स्वच्छ आणि न फाटलेले असू द्या, फोन खिशात ठेवा आणि सराव संपेपर्यंत उठू नका. तासाभराने ‘मला दुसरीकडे जायचंय’ म्हणून निघालात तर पुढचं बोलणं तिथेच संपलं समजा. फीचा प्रश्न शेवटी विचारावा, पण विचारावाच. प्रवेश फी, मासिक फी, विमा, परीक्षेचा खर्च आणि वर्षातून एकदा बाहेरगावी जाणारं शिबिर, हे पाचही आकडे एकदम विचारले तर कुणाला वावगं वाटत नाही. पाहायला येऊ न देणारा दोजो मी तरी यादीतून काढून टाकेन. आपले गुरू कोण हे सांगताना शिक्षक आडवळणं घेत असतील, किंवा ठराविक रकमेत ठराविक महिन्यांत काळा पट्टा असं बोलणं निघालं, तर तिथून सरळ घरी या. केंदो-इआइदोत पट्टा दर्जा दाखवतच नाही.

आता पैसे. वॉर्डाच्या जागेत चालणाऱ्या केंदो क्लबची मासिक फी साधारण एक ते तीन हजार येन. इतकी कमी, कारण सेन्सेई, म्हणजे शिक्षक, बहुतेक वेळा पदरमोड करून शिकवतात. त्यांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा असतो. स्वतःची जागा असलेल्या खासगी दोजोत, आणि इआइदोच्या बऱ्याच वर्गांत, पाच ते दहा हजार. प्रवेश फी तीन ते दहा हजार, क्रीडा विमा वर्षाला दोन हजारांच्या आगेमागे. कित्येक ठिकाणी फी अजून रोखीने, महिन्यांचे चौकोन छापलेल्या पाकिटातून दिली जाते. शक्यतो कोऱ्या नोटा घाला, पाकीट दोन्ही हातांनी द्या. सेन्सेई त्या महिन्याच्या चौकोनात शिक्का मारून पाकीट परत देतात. सुट्टीला महिनाभर भारतात गेलात तरी त्या महिन्याची फी बहुतेक ठिकाणी द्यावीच लागते.

सामानाचं गणित वेगळं. केंदोत पहिले काही महिने ट्रॅकसूट आणि शिनाई एवढ्यावर भागतं. शिनाई दोन ते चार हजारांना मिळते, पण ती कायमची नसते. चार कामट्या एकत्र बांधलेल्या असतात, मार खाऊन त्यांची कड उलते. अशी निघालेली चिरफळी समोरच्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सरावाआधी कामट्यांवरून बोट फिरवून पाहायचं, कड उलली असेल तर पॉलिश पेपरने घासायची, तडा गेला असेल तर कामटी टाकून द्यायची. वर्षाला दोन-तीन शिनाई धराच. प्रौढ पुरुषांसाठी स्पर्धेत लांबी जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर आणि वजन किमान ५१० ग्रॅम लागतं. बायकांसाठी वजन ४४०. चिलखताचा नवशिक्यांसाठीचा संच चाळीस ते ऐंशी हजार, अंगरखा आणि हाकामा (घेरदार विजार) दहा-पंधरा हजार. अनेक क्लबांकडे जुनं चिलखत उसनं मिळतं, आधी तेच मागा. जुन्या बाजारातून घेतलंत तर हातमोज्यांचे तळवे उलटून पाहा. झिजायला सुरुवात तिथून होते.

इआइदोत सुरुवात बोक्केनने, म्हणजे लाकडी तलवारीने होते, प्लास्टिकच्या म्यानासकट पाच-सात हजार. गुडघ्यांखाली बांधायच्या गाद्या घ्याच. मांडी घालून जेवायला बसणं वेगळं आणि लाकडी जमिनीवर वज्रासनातून तलवार उपसत उठणं वेगळं. मग इआइतो, सरावाची बोथट तलवार. पातं जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, त्याला धार लावता येत नाही. किंमत चाळीस हजारांपासून लाखाच्या वर. १७० ते १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला साधारण २ शाकु ४ सुन ५ बु, म्हणजे ७४ सेंटिमीटरच्या आसपास पातं लागतं. पण पंथागणिक हे बदलतं, म्हणून सेन्सेईंनी माप सांगितल्याशिवाय एक येनही खर्च करू नका. मुठीत पातं धरून ठेवते ती बांबूची एक छोटी खुंटी, मेकुगी. ती सैल झाली तर पातं मुठीतून निसटून भिंतीवर जाईल. सरावाआधी अंगठ्याने दाबून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

धारेच्या खऱ्या तलवारीच्या भानगडीत पहिली काही वर्षं पडू नये. ती दोन-तीन लाख येनांच्या खाली क्वचित मिळते, प्रांतिक शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र तिच्यासोबत असावंच लागतं. १९५८ चा शस्त्र कायदा कडक आहे. बोथट इआइतोसुद्धा पिशवीत बंद करून, सरावाला जाता-येतानाच न्यायची. जपानबाहेर खरी तलवार न्यायला सांस्कृतिक कामकाज खात्याचा दाखला लागतो, आणि भारतात तलवारी शस्त्र कायद्याखाली येतात. परतताना इआइतो सामानात घालायचा विचार असेल तर कस्टम्सकडे आधी लेखी विचारा. आणि ऑनलाइन मिळणारी ‘कटाना’ भारतात असो वा इथे, सरावाला घेऊच नका. तिची मुठीतली शेपटी बऱ्याचदा पेन्सिलीएवढी बारीक आणि जोड दिलेली असते.

पहिल्या वर्षाची बेरीज अशी, आकडे हजार येनांत. वॉर्डातला केंदो: प्रवेश तीन, फी चोवीस, विमा दोन, दोन शिनाई सहा, लाकडी तलवार तीन, कपडे बारा, चिलखत साठ, एकूण १ लाख १० हजार येन, म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये. उसनं चिलखत मिळालं तर हाच आकडा निम्म्याखाली येतो. इआइदो: प्रवेश पाच, फी साठ, विमा दोन, कपडे-ओबी (कंबरपट्टा)-गाद्या वीस, बोक्केन सहा, इआइतो साठ; एकूण १ लाख ५३ हजार. दुसऱ्या वर्षी दोन्ही खर्च निम्म्याहून खाली. चिबातल्या कातोरीसारख्या ठिकाणी शिकायला गेलात तर टोकियोहून रेल्वेने जाऊन-येऊन तीन हजारांच्या वर पडतात. साडेतीन हजार धरून आठवड्यातून एकदा गेलं, तर वर्षाचं भाडंच १ लाख ८२ हजार. फी त्यापुढे किरकोळ.

वेळेचा हिशेबही मांडा. महासंघाच्या नियमाप्रमाणे पहिल्या ‘दान’नंतर, म्हणजे पहिल्या दर्जानंतर, दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन, चौथ्यासाठी तीन थांबावं लागतं. दोन-तीन वर्षांच्या नोकरीत पहिला दान, फार तर दुसरा, एवढंच शक्य आहे. परीक्षा आणि नोंदणी मिळून दर वेळी दहा-पंधरा हजार येन बाजूला ठेवा. कोर्यूत सहसा दान नसतात, गुंडाळीवर लिहून परवाने मिळतात आणि पहिला परवाना यायलाच कित्येक वर्षं लागतात. तीन वर्षांत परतणाऱ्याने कोर्यूत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सेन्सेई तुमच्यावर जो वेळ घालवतात, तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा असतो.

मुलांसाठी मात्र डोळे झाकून वॉर्डाचा केंदो क्लब. फी नाममात्र, चिलखत बहुतेक उसनं, आणि मूल वर्षभरात जपानी बोलायला लागतं. फक्त पालकांच्या पाळ्या असतात: हॉल उघडणं, झाडणं, चहा, स्पर्धेच्या दिवशी पहाटे गाडी भरणं. ‘आम्हाला भाषा येत नाही’ ही सबब तिथे चालत नाही. झाडूला भाषा लागत नाही.

जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं आणि नवशिक्यांच्या बहुतेक तुकड्याही तेव्हाच लागतात. केंगाकु फेब्रुवारीतच उरकून घ्या, मार्चमध्ये अर्ज भरा, आणि तोवर काहीही विकत घेऊ नका.